वाट्याने दिलेली जमीन, कुळाची भीती आणि कसणाऱ्याचं नाव

गोदाकाठ (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितो.

निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. वडील सत्तरी ओलांडलेले, मी नोकरीमुळे नाशिकरोडला. पाच वर्षं झाली, जमीन वाट्याने देतो. करणारं कुटुंब सुरगाण्याकडचं. नवरा, बायको, त्याची आई आणि दोन मुलं, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. रोपं आणि मेहनत त्यांची, पाणी आणि लाईटबिल आमचं, खत-औषध निम्मं निम्मं, माल निम्मा. कागद काहीच नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ कांदा काढणीला आला आणि गारपीट झाली. सकाळी मी पोचलो तेव्हा तो वाफ्यात उकिडवा बसला होता. एक कांदा उपटला, मानेवर अंगठा दाबला, अंगठा आत गेला. काही न बोलता तो कांदा त्याने माझ्या हातात दिला.

दोन दिवसांनी पंचनामा झाला. फोटो काढायचा होता म्हणून तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "तुम्ही जरा बाजूला व्हा, खातेदार एकटेच पाहिजेत," असं त्याला सांगण्यात आलं. सांगणारा माणूस चांगला होता, नियमच तसा असणार. पण रात्रीच्या लाईटीला उठून ज्याने पाणी भरलं तो फोटोच्या बाहेर आणि शहरातून गाडीवर आलेला मी फोटोत.

भरपाई वडिलांच्या खात्यात आली. रीतीप्रमाणे त्यांनी निम्मी त्याला दिली. माझ्या मते सगळी त्याची होती, कारण रोपं, लागवड, निंदणी सगळा खर्च त्याचा बुडाला होता. मी तेव्हा बोललो नाही. ते अजून टोचतं.

आता मुद्दा. मी वडिलांना म्हटलं, आपण रीतसर करार करू, म्हणजे पीकविमा तरी त्याच्या नावाने निघेल. वडिलांनी घास खाली ठेवला. "कूळ लावून घ्यायचंय का?" एवढंच म्हणाले.

आणि ही जमीन आजोबांना कूळ म्हणूनच, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा म्हणूनच मिळालेली आहे. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबायचे, कायदा आला आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं. त्या कायद्यामुळे आमचं घर उभं राहिलं, वडील शिकले, मी शिकलो. आणि आज त्याच कायद्याच्या भीतीने आम्ही दुसऱ्याचं नाव साध्या कागदावरही लिहायला तयार नाही.

भूमिहीनांना जमीन वाटून द्यायची की भाड्याने देण्याघेण्याला मोकळीक द्यायची, यावर इथे अनेकांचा अभ्यास आहे. तुमचं काय मत?

---

बांधावरून, शनिवार, रात्री १०:२५

दादा, वडील चुकीचे नाहीत. गावोगाव हेच चाललंय.

माझं मत सरळ आहे. वाटायला आता जमीन राहिली कुठे? १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ वर आलं. कमाल धारणेचा कायदा बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर म्हणतो. तेवढी जमीन एका घराकडे असलेली माझ्या गावात मी पाहिलेली नाही. आता तुकडे वाटून आणखी तुकडेच होणार.

उलट बाजूला बघा. ज्यांची मुलं नाशिक-पुण्याला गेली त्यांची रानं पडीक आहेत, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, घरात चार हात आहेत त्याला जमीन कमी पडते. खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने दिली तर दोघांचं भलं होतं. पण देत नाहीत. दिली तरी दरवर्षी माणूस बदलतात, म्हणजे हक्क सांगायला नको. ज्याला पुढच्या साली इथे असू की नाही हे माहीत नाही तो शेणखत कशाला टाकेल?

आणि सरकारला जेव्हा स्वतःला जमीन हवी असते तेव्हा? सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या विजेचे सौर पॅनल लावायला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, त्यावर दरसाल ३ टक्के वाढ, ३० वर्षांचा पक्का करार. म्हणजे एकरी पन्नास हजार. त्या कराराला कोणी घाबरत नाही, कारण सौर कंपनी कूळ लागत नाही. माणसाला जमीन द्यायची तर भीती आणि पॅनलला द्यायची तर निवांत झोप!

---

निवृत्त_अण्णा, रविवार, सकाळी ७:१०

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

मूळ कुळकायदा १९४८ चा. त्यातली मोठी तरतूद १ एप्रिल १९५७ ची, कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने मालक झाला असं मानलं गेलं. मग कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र. गोदाकाठ, तुमच्या आजोबांचं प्रमाणपत्र घरात ट्रंकेत असेल, जपून ठेवा.

वडिलांची भीती दोन कलमांतून आलीय. कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, जो घरातला नाही, पगारी गडी नाही आणि कब्जेगहाणदारही (जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा) नाही, तो कूळ मानला जातो. आणि कलम ३२ ओ प्रमाणे १९५७ नंतर लागलेल्या कुळालाही एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क सांगता येतो. म्हणजे तुम्ही जितका स्वच्छ करार कराल तितका कुळाचा पुरावा पक्का होतो. आपल्याकडे वाट्याचे व्यवहार तोंडी का, याचं खरं उत्तर हे आहे. लोक अडाणी आहेत म्हणून नाही.

तिसरी गोष्ट तुमच्यापुरती. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ लागू आहे. विक्री, गहाण तर सोडाच, पट्ट्याने द्यायलाही पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीने हे सैल झालं. ३२ म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा सरकारला भरायचा, मग ती परवानगी लागत नाही. आकार अगदी किरकोळ असतो, त्यामुळे रक्कमही किरकोळ. ते आधी करून घ्या.

---

गोदाकाठ, रविवार, सकाळी ८:०२

अण्णा, कलम ४३ चं खरंच माहीत नव्हतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काहीतरी शेरा आहे, तो हाच असणार. सोमवारी पाहतो.

---

नागली, रविवार, सकाळी ११:३०

मी सुरगाणा तालुक्यातली. धाग्यात ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते आमच्याच गावांतले लोक, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दिवाळीनंतर आमची गावं निम्मी रिकामी होतात. द्राक्षाची कामं, टोमॅटो, कांदा लागवड. दिंडोरी, वणी, पिंपळगावला टेम्पो भरून माणसं जातात. काही नाक्यावर उभी राहतात, काही एकाच मालकाकडे वाट्याने टिकतात. ती का जातात? भात आणि नागली निघाली की रान कोरडं पडतं. पाऊस धो धो पडतो आणि डोंगरावरून उतरून जातो.

बांधावरून म्हणतात वाटायला जमीन कुठे आहे. आहे. आमच्या पायाखाली आहे. माझे आजे-सासरे जी जमीन कसायचे ती कागदावर जंगल होती. २००६ चा वनहक्क कायदा आला, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा, चार हेक्टरपर्यंत पट्टा मिळतो. आम्ही तीन एकरांचा दावा टाकला. पट्टा आला तीस गुंठ्यांचा. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला जो लाँग मार्च गेला त्यात माझ्या सासूबाई होत्या. जवळजवळ १८० किलोमीटर. परत आल्या तेव्हा तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, आठ दिवस हळद-तेल लावून बसल्या. भाड्याने जमीन मिळावी म्हणून कोणी असं चालत नाही. आपली म्हणून मिळावी यासाठी चालतं.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या घरात बाईचं नाव जमिनीच्या कागदावर पहिल्यांदा लागलं ते तेव्हा.

आणि एक सांगते. ज्याच्याकडे स्वतःची थोडी तरी जमीन आहे तो मालकाशी वाटा ठरवताना "नाही जमत" म्हणून उठू शकतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो उठत नाही. भाड्याचा बाजार मोकळा करा म्हणता, पण त्या बाजारात दोघं सारखे उभे नाहीत.

---

बांधावरून, रविवार, दुपारी १२:१५

नागलीताई, तुमचं शेवटचं वाक्य मान्य. वनजमिनीचा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हता, ती माझी चूक. मी बागायती पट्ट्याचं बोलत होतो.

पण वनपट्टा वारसाने जातो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. उद्या तुमच्या मुलांना शहरात राहायचं असेल तर ती जमीन कसणार कोण?

---

नागली, रविवार, दुपारी १२:४०

तो प्रश्न आहेच. पण विकता आली असती तर आमच्या डोंगरावर आज कोणाची नावं असती, हेही मला दिसतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जाऊ नये म्हणून महसूल कायद्यात कलम ३६ आणि ३६ अ आहे, पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आमच्या लोकांनी अनुभवातूनच ते कुंपण मागून घेतलंय. काढा म्हणणाऱ्यांनी आधी ते का घातलं ते वाचावं.

---

दूरचा_शेजारी, रविवार, सायंकाळी ५:५०

कामाचा विषय, म्हणून बाहेरची उदाहरणं देतो.

फिलिपिन्समध्ये १९८८ साली मोठा जमीनसुधारणा कार्यक्रम आला. पाच हेक्टरांची मर्यादा, त्यावरची जमीन भूमिहीनांना आणि छोट्या शेतकऱ्यांना. सोबत मिळालेली जमीन विकण्यावर आणि भाड्याने देण्यावर कडक बंधनं. अ‍ॅडमोपोलोस आणि रेस्टुचा या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब मांडला: शेतीचा सरासरी आकार ३४ टक्क्यांनी घटला आणि शेतीची उत्पादकता १७ टक्क्यांनी. यात मला महत्त्वाचं वाटतं ते बंधनांचं. जमीन दिली, पण पुढे हात बदलायची वाटच बंद केली. म्हातारा झालेला, आजारी पडलेला, गाव सोडलेला, सगळे त्या तुकड्याला बांधले गेले. आपल्या कलम ४३ सारखंच.

दुसरं उदाहरण पश्चिम बंगालचं, १९७८ ची बर्गा, म्हणजे वाटेकऱ्यांच्या नोंदणीची मोहीम. तिथे मालकी बदलली नाही. महसूलचे लोक गावात जाऊन मुक्काम करायचे, संध्याकाळी सभा घ्यायचे आणि सगळ्या गावासमोर वाटेकऱ्याचं नाव नोंदवायचे. नोंद झाली की त्याला सहज काढता येत नाही, हक्क मुलाकडे जातो, आणि वाटाही ठरलेला. खर्च वाटेकऱ्याचा असेल तर ७५ टक्के माल त्याचा, खर्च मालकाने केला तर निम्मा. गोदाकाठ, तुमच्या भरपाईचा हिशेब याला ताडून पाहा.

केरळने उलट टोक गाठलं. १ जानेवारी १९७० पासून कूळपद्धतच बंद, कसणारे मालक, नवं भाडं बेकायदा. लाखो कुटुंबांना घर-जमीन मिळाली, हे थोर काम आहे. पण पुढे तिथेही रानं पडीक पडू लागली, आणि कुडुंबश्री या तिथल्या सरकारी बचतगट योजनेतल्या बायकांचे गट त्याच पडीक जमिनी घेऊन भात-भाजी पिकवतात. कायदा नको म्हणतो ते गरज करून घेते, आणि सरकारच त्यांना मदत करतं.

आंध्रने २०१९ मध्ये मधला रस्ता काढला. ११ महिन्यांचं पीक-कसणाऱ्याचं कार्ड, मालकीला धक्का नाही, पण पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई त्या कार्डावर. अडचण एवढीच की त्याला मालकाची सही लागते. तिथले मालकही तुमच्या वडिलांसारखे सहीला बिचकतात.

म्हणून एक की दुसरं असं मी बघत नाही. आधी वाटप झालं आणि मग भाडं मोकळं झालं, तर भाडं चांगलं चालतं. वाटप न होता नुसतं भाडं मोकळं केलं तर नागली म्हणतात तसंच होईल.

---

खंडकऱ्याची_नात, रविवार, रात्री ९:०५

माझं आजोळ कोपरगाव तालुक्यातलं. आमच्या घराने भाडंही भोगलं आणि सरकारी जमीनसुधारणाही.

इंग्रजांच्या काळात गोदावरीचे कालवे आले, खासगी साखर कारखाने आले. उसाला सलग रान हवं म्हणून कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. पणजोबांनीही दिली. मुदत संपली की जमीन परत येणार होती. तेवढ्यात कमाल धारणेचा कायदा आला. कारखान्याकडची जमीन जादा ठरली आणि सरकारने घेतली. ती भूमिहीनांना मिळाली असती तर आजोबा निदान म्हणाले असते की गरिबाच्या पोटाला गेली. ती गेली सरकारच्याच शेती महामंडळाकडे. मालक बघत राहिला, भूमिहीनही बघत राहिला आणि जमीन सरकारने कसली. तुमच्या जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावचा मळा त्याच महामंडळाचा.

खंडकऱ्यांनी, म्हणजे खंडाने जमीन दिलेल्या या घरांनी चार पिढ्या मोर्चे काढले, कोर्टात गेले. कायद्यात बदल होऊन २०१२ मध्ये वाटप सुरू झालं तेव्हा आजोबा नव्हते. आजी होती. तिला रान दाखवायला नेलं तर ती बांध शोधत होती. बांध कधीच मोडून गेले होते. शेवटी एका जुन्या बाभळीला हात लावून म्हणाली, "इथपर्यंत असावी."

उरलेल्या जमिनी महामंडळ आता निविदा काढून संयुक्त शेतीला देतं. म्हणजे फिरून भाडंच. निविदा भरायला ऐपत लागते, ती ना मळ्यावरच्या कामगारांकडे आहे ना भूमिहीनांकडे.

दूरचा शेजारी, तुमचं सगळं पटतं. फक्त वाटप कागदावर झालं की माणसाच्या हातात पडलं, हे मी आधी विचारेन.

---

दिंडोरीकर, रविवार, रात्री १०:४८

भूमिहीनांचा विषय निघाला आणि दादासाहेब गायकवाडांचं नाव अजून आलं नाही. आमच्या दिंडोरी तालुक्यातला माणूस. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पुढे होते हे सगळ्यांना माहीत असतं. १९५९ चा आणि पुन्हा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी उभा केला, हजारो माणसं तुरुंगात गेली, हे आमच्या पुढच्या पिढीला सांगावं लागतं. मागणी साधी होती: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या.

त्यांच्याच नावाने सबलीकरण आणि स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, सरकार विकत घेऊन देणार. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. पण भाव ठरलेला आहे, जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत. द्राक्षपट्ट्यात पाण्याखालची जमीन या भावात कोण विकेल? माझ्या चुलत मावशीने अर्ज केला होता. "जमीन विकणारा तुम्हीच शोधून आणा," असं सांगण्यात आलं. ती वर्षभर गावोगाव फिरली. मिळाली ती मुरमाड, पाण्याविना. तीही पुढे फिसकटली.

हातात पैसा असून जमीन मिळत नाही, कारण विकणारा नाही. ती बाई आज एका बागायतदाराची दीड एकर निम्म्याने करते. सातबाऱ्यावर नाही, विम्यात नाही, पीएम किसानमध्येही नाही, कारण ते पैसे जमीनधारकालाच. आम्ही तिला शेतकरी म्हणतो, कागद म्हणत नाही.

---

तार_बांबू, सोमवार, सकाळी ६:२०

मी रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो, कारण मी स्वतः वाट्याने करतो. जानोरी भागात, टोमॅटो.

टोमॅटोला बांबू लागतात, तार लागते, मल्चिंग, ठिबक. बांबू-तार तीन-चार वर्षं चालते, ती माझी, मी दुसऱ्या रानात घेऊन जातो. पण ठिबक दुसऱ्याच्या रानात टाकायचं म्हटलं की हात थांबतो. पुढच्या साली मालक काढणार असेल तर मेन लाईन उकरून न्यायची का? बँकेत गेलो तर सातबारा मागतात. मग दुकानदाराकडून उधारी. रोपं, औषध सगळं त्याच्याकडून, भाव तो लावेल तो.

विम्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. मालकाला विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं तर पुढच्या साली रान जाईल.

मला मालकाची जमीन नको. बापाची शपथ. मला फक्त तीन वर्षं सांगा, तीन वर्षं इथेच आहेस म्हणून. मी रान असं करून दाखवीन की बांधावरून जाणारा थांबेल.

---

नागली, सोमवार, सकाळी ८:१५

दादा, लिहीत राहा.

---

निवृत्त_अण्णा, सोमवार, सकाळी ९:३०

तार_बांबू यांचं वाचून रात्री लिहायचं ते आत्ताच लिहितो.

नोकरीत असताना पीकपाहणीला, म्हणजे कोणत्या रानात कोणतं पीक आहे ते नोंदवायला मी बांधावर जायचो. समोर कसणारा उभा असायचा, मला माहीत असायचं, त्यालाही माहीत असायचं, आणि मी वहीत मालकाचं नाव लिहायचो. कधी मालक सोबत असायचा म्हणून, कधी कसणारा स्वतःच हात जोडून म्हणायचा, "माझं नाव नका लिहू, भाऊसाहेब, रान जाईल." आता २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, खातेदार स्वतः मोबाईलवर फोटो टाकतो. काम सोपं झालं, पण कसणारा आणखीच दिसेनासा झाला.

नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा दिला होता, डॉ. हक यांच्या समितीचा. त्यात मालकाची मालकी अबाधित, मुदत संपली की ताबा परत, आणि मुदतीत भाडेकऱ्याला कर्ज, विमा, भरपाई. दोघांच्याही मनातली भीती काढणारं तेवढं एक वाक्य कायद्यात हवं. ते इथे कायद्यात उतरेपर्यंत मी कोणाला "बिनधास्त करार करा" असं सांगणार नाही. खोटा धीर दिल्यासारखं होईल.

तरीही गोदाकाठ, तुम्हाला हवा असेल तर वाट्याचा हिशेब, खर्चाची वाटणी आणि नुकसानभरपाई कोणाची, एवढ्यापुरता साधा कागद मी लिहून देतो. तो विम्याला चालणार नाही. तुमच्या दोघांत मात्र चालेल. पुढे वाद झालाच तर कोर्ट त्याचा काय अर्थ लावेल याची हमी देत नाही, हे वडिलांनाही सांगा.

---

गोदाकाठ, गुरुवार, रात्री १०:१०

उशीर झाला, माफ करा.

सातबारा काढला, शेरा कलम ४३ चाच आहे. ट्रंकेत आजोबांचं प्रमाणपत्र सापडलं. कागद घड्यांवर फाटलाय, पण नाव स्पष्ट वाचता येतं. ते हातात घेऊन वडील बराच वेळ बसले. मग स्वतःहून म्हणाले की प्रमाणपत्र मिळालं त्या वर्षी आजोबांनी पहिली गोष्ट केली ती विहीर. त्याआधी त्या रानात वीस वर्षं राबूनही त्यांनी एक खड्डा खणला नव्हता.

मी तार_बांबू यांचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी गेल्या वर्षीच्या भरपाईतली उरलेली निम्मी रक्कम बँकेतून काढून आणायला मला सांगितली.

अण्णांचा मसुदाही वाचला. भरपाई ज्याचा खर्च त्याची, हे कलम त्यांना मान्य आहे. मुदतीच्या जागी मी तीन वर्षं लिहिली होती. त्यांनी पेन घेतला, तीन खोडून दोन केले, आणि बाजूला लिहिलं, "ठिबकचा निम्मा खर्च आमचा." कागदात कूळ हा शब्द कुठे नाही ना, हे दोनदा विचारलं.

रविवारी दोघं शेतावर जातोय. त्याला आणि त्याच्या बायकोला वाचून दाखवतो. दोन वर्षं त्यांना पुरतील का, ते आधी विचारणार आहे.